अहवालात ‘ऑपरेटरची चूक’ लिहायचं नाहीये, काय लिहू? (तातडीने मदत हवी)

झोपमोड: सोमवारी मीटिंग आहे, लवकर सांगा. रात्रपाळीत टाकी ओव्हरफ्लो झाली, माल डाइकमध्येच (टाकीभोवतीच्या बांधातच) राहिला म्हणून वाचलो. हाय लेव्हल अलार्म आला होता आणि तो अ‍ॅक्नॉलेज झालाय, म्हणजे ‘कळलं’चं बटण (अ‍ॅक) दाबलं गेलंय. साहेबांचा निकाल तयार आहे: ऑपरेटरची चूक, रीट्रेनिंग, विषय संपला. ह्यूमन फॅक्टर्सवाला (माणूस आणि यंत्रणा यांचा मेळ बघणारा) म्हणून सही माझी हवीय. मुद्दे द्या.

पाईपलाईन: टाकीत काय होतं? हाय-हायला (हाय लेव्हलच्याही वरच्या पातळीला) ट्रिप, म्हणजे भरणी आपोआप थांबायची सोय, आहे का? पॅनेलवर किती जण? इव्हेंट लॉग काढला का? काही सांगायचं नाही आणि घाई केवढी!

शिफ्ट_इन्चार्ज_निवृत्त: आमच्या वेळी अलार्मच्या खिडक्या मोजक्या. दिवा लागला की माणूस उठायचाच. हल्लीच्या पोरांचं लक्ष मोबाइलमध्ये. रीट्रेनिंग द्याच, वर मेमो.

झोपमोड: काका, मोबाइल गेटवरच जमा होतात. पाईपलाईन, सॉल्व्हंट होतं. ट्रिप नाही. पॅनेलवर एकटाच, जोडीदार जेवायला गेलेला. एका स्टँडबाय पंपाचा लो प्रेशर अलार्म रात्रभर केकाटतो, म्हणून हॉर्नच्या तोंडावर चिकटपट्टी मारलीय. पण ते नेहमीचंच.

पाईपलाईन: नेहमीचंच?! अहो, हेच पहिल्या पानावर टाका, फोटोसकट. मग लॉगमधले अलार्म दहा-दहा मिनिटांचे गट करून मोजा. ईईएमयूए १९१ (अलार्म व्यवस्थेची मार्गदर्शिका) प्रमाणे प्लांट सुरळीत चालू असताना एका ऑपरेटरला दहा मिनिटांत सरासरी एकाहून जास्त अलार्म नको. ब्रिटनमधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत १९९४ साली स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोघा ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते.

मावळतीकर: माझ्या पुतण्याला यातच एम.डेस. (डिझाइनची मास्टर्स) करायचंय. पवईचं आयडीसी (आयआयटी मुंबईचं डिझाइन स्कूल) बरं की आयआयटी गुवाहाटी? पगार कितपत मिळतो?

शिफ्ट_इन्चार्ज_निवृत्त: आकडे राहू द्या. अ‍ॅक त्यानेच मारला ना?

पाईपलाईन: अ‍ॅक मारला म्हणजे अलार्म वाचून समजला असं नाही. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात १९७९ साली दिवा विझला म्हणून व्हॉल्व्ह बंद झाला असं धरलं. दिवा सांगत होता फक्त बंद व्हायचा सिग्नल गेल्याचं. व्हॉल्व्ह उघडाच. तो दिवा रीट्रेनिंगने खरं बोलू लागला असता का?

घड्याळजी: पाळ्या कशा फिरवता? पहिली-दुसरी-तिसरी अशा पुढे फिरवा, उलट्या नको. निम्मे प्रश्न तिथेच असतात.

झोपमोड: पाळ्यांचं विचारलंच नाहीये.

शिफ्ट_इन्चार्ज_निवृत्त: आणि हाय लेव्हल वाजला तर एवढं काय? आम्ही टाकी भरायचोच तो वाजेपर्यंत. वाजला की अ‍ॅक मारायचा आणि फील्डवाल्याला पंप बंद करायला सांगायचं.

पाईपलाईन: काका, लाखातलं बोललात! झोपमोड, तुमच्याकडे दर भरणीला तो वाजतो का बघा. वाजत असेल तर तो अलार्म नाही, भरणी झाल्याची घंटा आहे, आणि तिच्यावर सगळे निर्धास्त. त्या ऑपरेटरला कोणी विचारलं का, तेव्हा पडद्यावर काय दिसत होतं?

झोपमोड: लॉग बघितला. प्रत्येक भरणीला वाजतो. त्या रात्रीही अ‍ॅक मारून त्याने वॉकीवर सांगितलं होतं, फील्डवाला दुसऱ्या टोकाला ड्रम मोजत होता. ऑपरेटरला कोणीच विचारलं नव्हतं, मेमो मात्र टाइप झालाय. स्टँडबाय पंपाचा अलार्म आजच काढून टाकू का?

पाईपलाईन: एमओसीशिवाय (बदलाच्या रीतसर मंजुरीशिवाय) हात लावू नका! पंप बंद असताना तो अलार्म आपोआप दबेल असं लॉजिक मागा. टाकीला लेव्हल ट्रान्समीटरपासून वेगळा हाय-हाय स्विच आणि ट्रिप मागा. इंग्लंडमधल्या बन्सफील्ड इंधन डेपोत २००५ साली टाकी ओव्हरफ्लो झाली तेव्हा लेव्हल गेज अडकला आणि वेगळा स्विचही चालला नाही, म्हणून त्याची ठरावीक मुदतीने टेस्टसुद्धा लिहा.

मावळतीकर: पुतण्याचं कोणी सांगेल का?