वॉर्डचा ओव्हर व्हॉट्सअॅपवर देतोय, याहून बरं काय वापरता तुम्ही?

मेडिसिन_जेआर२
सरकारी मेडिकल कॉलेजला आहे. ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या डॉक्टरला द्यायची तो ओव्हर, आमच्याकडे तो म्हणजे रात्री ८ ला युनिटच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज, बेड नंबर, डायग्नोसिस, काय पेंडिंग आहे, झालं. त्याच ग्रुपवर एक्स-रेचे फोटो, ड्युटीची अदलाबदल, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळंच येतं. मागच्या आठवड्यात डीकेएचा (डायबेटिसमध्ये रक्तातलं आम्ल वाढतं तो) पेशंट होता, इन्सुलिन इन्फ्युजन चालू, संध्याकाळचं पोटॅशियम आलं २.८, म्हणजे धोक्याइतकं कमी, आणि इन्सुलिनने ते आणखी उतरतं. इंटर्नने रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकला, पण तोवर दिवसाचा रेसिडेंट घरी निघालेला आणि रात्रीचा कॅज्युअल्टीत अडकलेला, दोघांनाही वाटलं दुसऱ्याने बघितलं असेल. सिस्टरने पुढचं इन्फ्युजन लावायच्या आधी रिपोर्ट विचारला म्हणून कळलं आणि पेशंट वाचला. तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. एखादं अॅप आहे का? विकत घ्यायला कुणी पैसे देणार नाही हे धरून सांगा.

सर्जरीवाला_नागपूर
अॅप शोधत बसू नकोस रे, साधी शेअर्ड शीट कर, पेशंटमागे एक ओळ. आमच्याकडे चालतेय. आयपास म्हणून पद्धत आहे, तिचे पाच भाग: पेशंट किती सिरियस, थोडक्यात केस, काय करायचंय, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय, आणि शेवटी ओव्हर घेणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. २०१४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये अमेरिका-कॅनडातल्या ९ हॉस्पिटलच्या पेडियाट्रिक रेसिडेंट्सवरचा अभ्यास आला होता, ही पद्धत आणल्यावर मेडिकल एरर २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्यासारखे अपाय ३० टक्क्यांनी कमी झाले, आणि ओव्हरला वेळही फारसा जास्त लागला नाही.
खरी मेख 'काय करायचंय' या कॉलममध्ये आहे. 'पोटॅशियम फॉलोअप' असं लिहिलं की ते कुणाचंच काम नसतं. 'रात्री १० ला सॅम्पल, अमुक बघणार, ३.५ च्या खाली आलं तर इन्सुलिन थांबवून पोटॅशियम द्यायचं आणि रजिस्ट्रारला फोन' असं लिही. वेळ आणि नाव नसेल तर ती ओळ अर्धवटच धरायची.

स्टाफ_सिस्टर
डॉक्टर, तुमच्या शीटमध्ये आम्ही कुठे आहोत ते पण बघा. आमचा ओव्हर तिन्ही शिफ्टला बेडपाशी उभं राहून होतो, कॅथेटर, ड्रेन, सलाईन किती राहिलं, सगळं डोळ्यांनी बघून. रेसिडेंट काय ठरवून गेले ते मात्र आम्हाला केसपेपरवर लिहिलं असेल तरच कळतं. रात्री दोन वाजता प्रेशर पडलं तर आधी आम्हीच बघतो, आणि फोन कुणाला लावायचा हेच माहीत नसतं. स्टेशनच्या कॉम्प्युटरवर नुसती बघण्यापुरती शीट उघडी ठेवा, आणि रात्री ८ ची एक प्रिंट द्या कारण आमच्या वॉर्डात नेट कधी जाईल सांगता येत नाही.

एचएमआयएस_सपोर्ट
हॉस्पिटलच्या आयटीत काम करतो म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगतो. 'लिंक असेल त्याला दिसेल' हे सेटिंग अजिबात ठेवू नका, प्रत्येकाला त्याच्या मेलवर अॅक्सेस द्या आणि पोस्टिंग संपली की काढा. इंटर्न वर्षभरापूर्वी निघून गेलेत आणि अजून ग्रुपमध्ये आहेत, पेशंटचे रिपोर्ट त्यांच्या गॅलरीत आपोआप साठतायत, असं मी बघितलंय. २०२३ चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा झालाय, त्यामुळे आधी विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्या, आणि शीटमध्ये नावाऐवजी बेड आणि इनडोअर नंबर टाका. दुसरं, शीट ही कामाची यादी आहे, रेकॉर्ड नाही. ऑर्डर केसपेपरवर किंवा एचएमआयएसमध्ये (हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर सिस्टीममध्ये) गेलीच पाहिजे. आणि लॅबशी बोलून घ्या, क्रिटिकल व्हॅल्यू, म्हणजे जिवाला धोका दाखवणारा आकडा, फोनवरच कळवायची, ऐकणाऱ्याने आकडा परत म्हणून दाखवायचा आणि त्याचं नाव लॅबने लिहून ठेवायचं. तुमच्या केसमध्ये हेच झालं नाही.

लीड्सहून_डॉक
मिरजेला शिकलो, आता इंग्लंडला आहे. इथे आमच्याकडे यादी कॉम्प्युटरवरच असते आणि न्यूज-टू स्कोअर लावलेला असतो, म्हणजे श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप यांचे मार्क. स्कोअर ५ झाला की तातडीने बघायचं, ७ किंवा जास्त झाला की इमर्जन्सी, सगळ्यात आजारी पेशंट वर येतो. तरीही ओव्हरला सगळे एका खोलीत बसतात आणि बोलूनच देतात. यादीचा एक तोटा जपा: कालची ओळ आज तशीच राहते. अँटिबायोटिक तीन दिवसांपूर्वी बंद झालेलं आणि यादीत चालूच, हे इथेही होतं. त्यामुळे ओळ शेवटची कधी तपासली ती वेळ दिसलीच पाहिजे.

मेडिसिन_जेआर२
सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचा मुद्दा आमच्या कुणाच्या डोक्यातच आला नव्हता, प्रिंट नक्की देणार. मॅडमशी बोललोय, परवानगीचा अर्ज उद्या देतोय. एकच अडचण, इमर्जन्सीच्या दिवशी ४० अॅडमिशन असतात, सगळ्यांचं परत म्हणून घ्यायला बसलो तर रात्र तिथेच जाईल.

सर्जरीवाला_नागपूर
सगळ्यांचं नको. सिरियस आणि रात्रीत ज्यांचं काही करायचं बाकी आहे तेवढेच बोलून द्यायचे, बाकीचे शीटवर वाचतील. आमच्याकडे सिरियसची ओळ लाल करतो आणि ते पेशंट दोघं मिळून बेडपाशी जाऊन बघतो, तिथली सिस्टर पण बरोबर असते.