पुण्याच्या अग्निशमन केंद्राच्या जुन्या जागांविषयी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. माझे आजोबा नगरपालिकेच्या बंबखान्यात (अग्निशमन केंद्रात) नोकरीला होते. त्यांच्या पेटीत नुकतेच एक छायाचित्र सापडले. पत्र्याच्या छपराखाली बंब उभा आहे, शेजारी खांबाला पितळी घंटा टांगलेली आहे आणि पाठीमागे दगडी कमानीचा अर्धाच भाग दिसतो. मागील बाजूस शिसपेन्सिलीने ‘जुनी जागा’ एवढेच लिहिले आहे (आजोबा पत्रेही अशीच लिहीत!).

१५ फेब्रुवारी १९५० रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली, त्याआधीचा हा काळ असावा, कारण बंबावर नगरपालिकेचे नाव आहे. आज मुख्य केंद्र भवानी पेठेत आहे. परंतु १८७९ मध्ये पेशवेकालीन बुधवार वाडा जळाला तेव्हापासून लाकडी वाड्यांच्या या शहरात आगीची धास्ती मोठी असल्याने आणि कात्रजच्या नळाचे (कात्रज तलावातून शहरात येणाऱ्या पेशवेकालीन भूमिगत नळाचे) पाणी हौदांतून मिळत असल्याने, बंबाची जागा ठरवताना जवळचा हौद पाहिला जात असे का, हा माझा खरा प्रश्न आहे.

पेठांत वाढलेल्या ज्येष्ठांना भवानी पेठेपूर्वीचा बंबखाना आठवत असल्यास कृपया जागा, खूण आणि स्थलांतराचे साल कळवावे. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात जुनी दप्तरे भिजल्याचे घरी ऐकले आहे, म्हणून घरगुती कागद, पगारपत्रक किंवा छायाचित्र असल्यास तेही मोलाचे ठरेल. एरंडवण्याच्या अग्निशमन संग्रहालयात मी पुढील आठवड्यात जाणार आहे. तेथे नेमके काय पाहावे, हेही सुचवावे.