अनुभव धागा: पोराची कंबर दुखते तेव्हा

लेक अकरा वर्षांचा. महिना झाला, शाळेतून आला की दप्तर फेकतो आणि पलंगावर पालथा पडतो. "आई, कंबर दुखतीय." सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोराला कसली आलीय कंबर, अभ्यासाची टाळाटाळ आहे ती. परवा दप्तर काट्यावर ठेवलं तर साडेसहा किलो! पोराचं वजन ३१. २०२०च्या दप्तर धोरणात मर्यादा वजनाच्या १० टक्के, म्हणजे तीन किलोच्या आसपास. रात्री झोप मात्र शांत लागते. तुमच्या घरी असं कुणाला झालंय का? काय केलंत, सविस्तर लिहा.
– शाहूपुरी, सातारा

आमचा चौदा वर्षांचा, फास्ट बॉलर. उन्हाळ्याच्या शिबिरात रोज दोन तास नेट्स. दुखायचं एकाच बाजूला, पट्ट्याच्या जरा खाली. पुढे वाकला तर काही नाही, मागे वाकला की कळ यायची. मी दीड महिना मलम चोळत बसलो, अजून स्वतःचाच राग येतो. एक्स-रे साफ होता. मिरजेला एमआरआय केला तेव्हा कळलं, कमरेच्या शेवटच्या मणक्याला बारीक चीर आहे. वेगवान गोलंदाज, पैलवान, जिम्नॅस्ट अशा मुलांना ही होते म्हणे, कारण मणका मागे वाकवून पुन्हा पुन्हा ताण बसतो. तीन महिने बॉलिंग बंद. मग फिजिओकडे पोटाचे आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम. व्यायामाचं काही नाही, ते तो निमूट करायचा. संध्याकाळी मैदानावरचा आवाज ऐकू आला की मात्र खिडकी लावून घ्यायचा. शेवटी त्याला स्कोअररची वही दिली. आता टाकतो, पण चेंडू मोजून.
– विश्रामबाग, सांगली

माझा अनुभव जरा जड आहे. मुलगी सात वर्षांची. खाली पडलेली चप्पल उचलायला वाकायची नाही. पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांवर हात टेकत उकिडवी बसायची आणि मग उचलायची. आम्हाला ती नक्कलच वाटली, हसलोसुद्धा. संध्याकाळी अंगात कणकण, रात्री रडत उठायची. गावातल्या बाईंकडून आठवडाभर मालिश करून घेतलं. डॉक्टरांनी चप्पल उचलायला लावली आणि पहिलं वाक्य बोलले, "मालिश आजपासून बंद." मणक्याचा टीबी निघाला. खोकला नसतानाही होतो, हे तेव्हा कळलं. सरकारी दवाखान्यातून मोफत गोळ्या, वर्षभर, एकही चुकवायची नाही. सुरुवातीला कमरेला पट्टाही होता. आता पळते. बाहेर मात्र आम्ही "मणक्याला सूज होती" एवढंच सांगतो. मुलीचं लग्न कसं होणार म्हणून आत्तापासून घोर लावून घेणारे आहेत आमच्यात.
– वाई

आमचं थोडक्यात. मुलगी तेरा वर्षांची, कंबर महिन्यातून तीन-चार दिवसच दुखायची. कालनिर्णयवर खुणा केल्या आणि उलगडा झाला. गरम पाण्याची पिशवी पुरली.
– मिरज

मी फिजिओथेरपिस्ट, शिवाय दोन मुलांची आई. शाहूपुरीच्या ताईंनो, टाळाटाळ समजू नका. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन घटणं, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, यातलं काही दिसलं तर थांबू नका. लघवी-संडासवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अगदी लहान, चार-पाच वर्षांच्या आतलं मूल कंबर दुखते म्हणालं तरी दाखवाच. यातलं काही नसेल तरी महिनाभर दुखतंय म्हणजे एकदा तपासून घ्या. आणि कृपा करून दिवसच्या दिवस झोपवून ठेवू नका. बेतानं हिंडू-फिरू द्या. घरातल्या मोठ्यांच्या गोळ्या अर्ध्या करून देऊ नका, ॲस्पिरिन तर नाहीच.
– कराड

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना दाखवलं, काळजीचं काही नाही म्हणाले, दप्तर हलकं करा. काल रात्री ते सगळं उपसलं. वेळापत्रकात नसलेल्या चार वह्या, लिटरभराची स्टीलची बाटली, आणि तळाशी वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेल्या लगोरीच्या सात चपट्या फरश्या. वर्गात कोणाकडे ठेवायला जागा नाही म्हणून हा रोज नेतो-आणतो. सासूबाई म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते?" काय म्हणत होत्या कोण जाणे.
– शाहूपुरी, सातारा