सुट्टीच्या दिवशी सुतारकामाचा आवाज – मदत हवी आहे

मंडळी, घरातल्या एका खोलीत माझं सुतारकाम चालतं, तेही सुट्टीलाच. हातकरवत, पटाशी, रंधा यांचा कुणाला त्रास नाही. प्रश्न राउटरचा, म्हणजे लाकडात खाचा आणि कडा कोरणाऱ्या विजेच्या मशीनचा आहे. जवळ उभं राहिलं तर आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो, आणि टेबलाच्या पायांतून थरथर थेट खालच्या घरात उतरते. तिथे तान्हं बाळ आहे. पायांखाली जाड रबर घातल्यावर थरथर बरीच कमी झाली. हवेतून जाणारा आवाज मात्र तसाच. शेजारी स्वतःहून काही बोलत नाहीत, म्हणून जास्तच जिवाला लागतं. बाळाच्या झोपेची वेळ त्यांनाच विचारून मशीन लावावं ना? आणि राउटरभोवती कुणी पेटी बनवली असेल, तर मोटर तापू नये म्हणून हवेची वाट कुठून ठेवलीत?