बुचांना बाराबंदी विणतेय, पण सुती अंगरखा बसत नाही

लॅबवाल्या काकू, सोलापूर
नमस्कार मंडळी. मी तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत होते. निवृत्त होताना मोडीत निघालेल्या बुचांचा डबा घरी आणला. खरी झाडाच्या सालीची बुचं, रबरी नव्हेत. उंची ४ सेंमी, रुंद बाजूचा व्यास २.५ आणि निमुळत्या बाजूचा २.

गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला दाराला तोरण करायचंय. यात्रेत मिरवतात ते उंच काठ्यांचे सात नंदीध्वज, म्हणून सात बुचं, प्रत्येकाला पांढरी बाराबंदी (बंदांनी बांधायचा अंगरखा) आणि डोक्याला उरलेल्या लाल लोकरीचा फेटा. शेजारी चादरीचा माग आहे, तिथून कोनावर शिल्लक राहिलेलं पांढरं सूत मिळालं. तीन पदरी धरून अडीच नंबरच्या सुयांवर बाराबंदी नळीसारखी विणते.

अडचण अशी की लोकरीची नळी बुचाला घट्ट धरते, सुताची मात्र गळून पडते. टाके कमी केले तर चढतच नाही. पांढरा गोंद लावून पाहिला, तर तो सुतातून वर आला आणि छातीवरच कडक डाग पडला. ते बूच बघवत नाही हो. काय करू?

सुयादोरा
काकू, रुंद बाजू वर ठेवलीय का? बूच उलटं करा. रुंद बाजू खाली घेर, निमुळती वर डोकं. मग अंगरखा खाली सरकणारच नाही. सूत लोकरीसारखं ताणत नाही, त्यामुळे नळी लहान करून भागणार नाही.

टाकामागेटाका
बूच उलटं कराच, पण मला वाटतं चूक नळीतच आहे. खरी बाराबंदी डोक्यातून घालतात का? ती पुढून एकावर एक घेऊन बंदांनी बांधतात. तशीच विणा. तुमच्या बुचाचा घेर सुमारे पावणेआठ सेंमी. माझ्या हाताला १० सेंमीत २८ टाके येतात, म्हणजे २२ टाके, आणि पदर एकमेकांवर यायला ८ जास्त. ३० टाके घाला, १४ ओळी सगळ्या सुलट, म्हणजे कड गुंडाळत नाही. शेवटच्या दोन ओळींत गळ्यापाशी चार टाके कमी करा. शिवू नका, बांधा.

लॅबवाल्या काकू, सोलापूर
ताई, काल रात्री एक केलं! क्रोशाने दहा-दहा साखळ्यांचे बंद. बारा काही बसेनात, चारच लावले. खालचा बंद सैल, गळ्याचा घट्ट, आणि बुचावर असं बसलं की हलवलं तरी हलत नाही. सूत ताणत नाही तेच बरं झालं, गाठ ढिली पडत नाही.

टांगायच्या दोऱ्यासाठी भोक कसं पाडायचं तेवढं मला पक्कं ठाऊक आहे, तेही सांगते. कोरडं बूच टोचलं की त्याचा चुरा होतो. आधी पायाखाली फळी घेऊन हळूहळू लाटायचं, ते मऊ पडतं. मग निमुळत्या बाजूने दाभण गोल फिरवत आत न्यायचं, ठोकायचं नाही.

सुयादोरा
फेट्याला किती टाके घेतले?

लॅबवाल्या काकू, सोलापूर
टोपीसारखा विणलाच नाही. सहा टाक्यांची लांब पट्टी विणली आणि दोन वेढे गुंडाळून शेमला मागे सोडला. अजून सहा बुचं लाटायची आहेत.