‘थर्मल फटीग’ला ‘औष्णिक थकवा’ म्हणावे का?

प्रश्न (माटुंगा): पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी संमिश्र पदार्थांवर मराठीत टिपणे काढते आहे. तंतू घातलेले प्लास्टिक पुन्हा पुन्हा तापून-निवून खराब होते, त्याला ‘औष्णिक थकवा’ लिहिलेय. चालेल?

उत्तर (वर्सोवा): ताई, ‘थकवा’ नको. थकवा विश्रांतीने जातो. इथे काहीच भरून येत नाही, दर फेऱ्याला नुकसान साठत जाते. आत काय होते ते पाहा. तापमान एक अंशाने वाढले की एपॉक्सी रेझिन (तंतूंना धरून ठेवणारे प्लास्टिक) दहा लाखांत साधारण ५० ते ६० भाग फुगते, काचतंतू ५ च्या आसपास, आणि कार्बनचा तंतू लांबीच्या दिशेने उलट किंचित आखडतो. रेझिन आणि तंतू एकमेकांना घट्ट चिकटलेले, म्हणून कुणालाच मोकळेपणी हलता येत नाही. १८० अंशांवर पक्का केलेला भाग नुसता निवतानाच रेझिनमध्ये ताण कोंडला जातो. जितका गारठा, तितका तो ताण जास्त. त्यामुळे पहिल्या बारीक चिरा बहुधा थंड टोकाला, आडव्या तंतूंच्या थरांत पडतात. आणि हे फेरे किती होतात पाहा: पृथ्वीजवळच्या कक्षेतला उपग्रह सुमारे ९० मिनिटांत एक प्रदक्षिणा करतो, म्हणजे दिवसाला १६ च्या आसपास वेळा ऊन आणि सावली!

मला ‘भेगाळणे’ योग्य वाटते. ‘तडकणे’ एका क्षणात होते. टाचा मात्र हळूहळू भेगाळतात.

प्रश्न: पण त्यात ‘वारंवार’ कुठे आले?

उत्तर: ते कारणात सांगा: ‘तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी भेगाळणे’. लांब आहे, पण मुलाला परीक्षेत कारण आणि परिणाम दोन्ही आठवतील. एक मात्र सांभाळा. आमच्याकडच्या फायबरच्या होडीवर दिसलेल्या प्रत्येक चिरेला हे नाव लावू नका. मुंबईच्या हवेत तापमानाचा फरक तेवढा मोठा नसतो. होडी धक्क्याला आपटूनही चीर जाते. चीर कशानेही पडो, पाणी मात्र तिथूनच आत शिरते.

प्रश्न: आणि डीलॅमिनेशन?

उत्तर: ‘पापुद्रे सुटणे’. चिरा थरांच्या सांध्यापर्यंत पोचल्या की तिथून थर एकमेकांपासून अलग होऊ लागतात. तंतू रेझिनपासून सुटला तर मात्र हा शब्द वापरू नका, तिथे ‘तंतूची पकड सुटणे’ लिहा. ते एकाच थराच्या आत घडते.