रॉयल एनफिल्डच्या सुपर मिटिऑर बाईकचे मागचे शॉकअप बदलायची घाई नको, असं माझं मत आहे. तुमचं?

दापोलीकर
कोकणात सुपर मिटिऑर 650 चालवणारा जो तो एकच विचारतो, ‘कंबर जाते, कुठले शॉकअप टाकू?’ माझं म्हणणं, आहेत ते आधी नीट लावा. गाडी 241 किलोची, सीट जमिनीपासून जेमतेम 740 मिमी. सीट एवढी खाली आणली की मागच्या चाकाला वरखाली व्हायला जागा उरते ती 101 मिमी. पुढे 120 तरी आहे. महागडा शॉकअप घातलात तरी तो बहुतेक तेवढ्याच जागेत काम करणार.

मागचं चाक अधांतरी उचला आणि एक्सलपासून (चाकाच्या मधल्या दांड्यापासून) वर मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर मोजा. मग जॅकेट-हेल्मेट घालून गाडीवर बसा, दुसऱ्याला तेच अंतर मोजायला सांगा. फरक 30 ते 35 मिमी हवा. जास्त आला तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ती सेटिंग, वाढवा, कमी आला तर उतरवा. बरेच जण प्रीलोड पार शेवटपर्यंत फिरवून ठेवतात. मग गाडी ताठ उभी राहते, खड्ड्यात चाक खाली उतरतच नाही आणि सीट खालून थाडकन लागते. टायरमधली हवा पुस्तिकेप्रमाणे, तीही टायर थंड असताना बघा.

गुहागरवाला
दादा, एकट्याने फिरणाऱ्याला हे ठीक. आम्ही डबलसीट, वर दोन बॅगा. जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरायचं आणि हेदवीवरून घरी. त्या वळणांवर एक खोल खड्डा आला की शॉकअप तळाला टेकतो, मागे बसलेलीचा जीव जातो. प्रीलोडने गाडी वर उचलली जाते, स्प्रिंगचा कडकपणा आहे तोच राहतो. शिवाय खड्डा गेल्यावर मागची बाजू डुलत राहते ती रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला आवरणारा रोध, कमी पडतो म्हणून, आणि कंपनीच्या शॉकअपला तो कमीजास्त करायची सोयच नाही. वजनाला साजेशी स्प्रिंग आणि रिबाउंडचा नॉब असलेले शॉकअप ही चैन नव्हे. मी तर म्हणेन, सायलेन्सरवर पैसे घालण्याआधी हे करा.

चिपळूणचा गॅरेजवाला
पुढच्या फोर्कबद्दल, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपच्या नळ्यांबद्दल, कोणीच बोलत नाही. या गाडीला 43 मिमीचे उलटे फोर्क आहेत. चकचकीत नळी खाली, चाकाजवळ. जांभ्याचा लाल चिखल आणि खारं पाणी थेट तिच्यावर उडतं. किनाऱ्यावरून आलात की ओल्या फडक्याने पुसा. नळीवर गंजाचा बारीकसा ठिपका उठला तरी तो प्रत्येक दणक्याला ऑइल सील खरवडतो. सील गेलं की तेल खाली ब्रेककडे येतं, ते धोक्याचं. आणि ‘जाड ऑइल घाला’ म्हणून येऊ नका. जाड ऑइलने बारीक खड्डे उलट मनगटात जास्त लागतात.

मालवणचो
सीटीचा कोणी नावच घेणत नाय. क्रूझरवर पाय पुढे, खड्डो इलो की उभ्या ऱ्हवाक येणा नाय. सगळो दणको माकडहाडात.

दापोलीकर
मालवणकरांचा मुद्दा माझ्याच बाजूचा. बसणं असं असेल तर चांगली सीट शॉकअपच्या आधी येते. गुहागरवाले, कायम डबलसीट फिरणाऱ्याला स्प्रिंग लागेल, पण दुकानदाराला दोघांचं वजन, सामान सगळं सांगून घ्या. नुसतं ‘क्रूझरसाठी द्या’ म्हटलंत तर एकट्या माणसाच्या बेताची स्प्रिंग गळ्यात पडेल.

गुहागरवाला
वजन सांगूनच घेतलेत. सीट बदलून मागचीचा दणका थांबत नाही, शॉकअप तळाला टेकायचा तो टेकतोच. डबलसीटवाल्याने आधी शॉकअपच बघावेत, यावर मी ठाम आहे.